श्रावणबाळाची कावड उलटी झाली आहे

निराधार म्हाताऱ्या माणसांसाठी महाराष्ट्र शासनाची एक योजना आहे. ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’ असं तिचं नाव. आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून खांद्यावर वाहून नेणाऱ्या पुराणातल्या मुलाचं नाव शासनाने पेन्शनला दिलं. वय पासष्ट पाहिजे, वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत पाहिजे, मग महिन्याला दीड हजार मिळतात. २०२३ पर्यंत तर हजारच मिळत होते.

नाव ठेवणाऱ्याने दिवाळीनंतर एकदा जालना जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये चक्कर मारायला हवी होती. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. कुठल्याही गावातल्या बौद्धवाड्यात, मातंगवाड्यात किंवा जवळच्या तांड्यावर जा. कोयता घेऊन जोडपी कारखान्यांकडे गेलेली असतात. दारांना कुलपं असतात. ज्या दाराला कुलूप नसतं, तिथे एक म्हातारी असते आणि तिच्याभोवती तीन-चार लेकरं. एक कडेवर, एक पदराला, एकाचं दप्तर तिच्या खांद्याला. मग कावड कोणाच्या खांद्यावर आहे? श्रावणबाळाने आईबापाला उचललेलं नाही. आईबापानेच श्रावणबाळाची लेकरं उचललेली आहेत. कावड उलटी झाली आहे, आणि ती उलटी झाल्याचं बोलायला कोणीच तयार नाही. शासन नाही, समाज नाही, आणि खरं सांगायचं तर आपली चळवळही नाही.

जयंती, गायरानाचे प्रश्न, शिष्यवृत्तीचे अर्ज अशा कामांच्या निमित्ताने आम्ही या वस्त्यांमध्ये फिरतो. म्हाताऱ्या माणसांना आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो, “आज्जी, तुम्हाला कुठं राहावं वाटतं?” बहुतेक वेळा उत्तर ठिकाणाचं येत नाही, नातवंडांचं येतं. “लेकरं जिथं, तिथं मी.” ऐकायला गोड वाटतं. आपण हसतो, मान डोलावतो आणि पुढच्या घरी जातो. पण या गोड उत्तराच्या पोटात काय आहे, ते बघायची वेळ आली आहे. म्हातारपणी कोणाबरोबर राहायचं आणि कुठे राहायचं, हा माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. आपल्या आया-बायांच्या बाबतीत तो प्रश्न त्यांच्या इच्छेने सुटत नाही. नातवंडाचं वय किती आणि सुनेला काम कुठे मिळालं, यावर तो सुटतो.

तीन घरं, तीन म्हाताऱ्या

पहिलं घर कोयत्याचं. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतली की दोघांनाही जावंच लागतं. लेकरं बरोबर नेली तर शाळा बुडते, कोपीत थंडीत झोपावं लागतं, बैलगाडीच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या चाकाजवळ खेळावं लागतं. म्हणून लेकरं मागे ठेवायची. कोणाजवळ? आजीजवळ. सहा महिने ही बाई घरची आई असते, बाप असते, पालकसभेला जाणारी असते आणि रात्री ताप आलेल्या पोराला घेऊन दवाखान्यात पळणारीही असते. घनसावंगी तालुक्यातली एक आज्जी आम्हाला म्हणाली, “लेकरं झोपले की मंग मला झोप. ते उठायच्या आदी मी उठते. कुठं राहावं वाटतं म्हून काय इचारता? मला वाटायला टाईमच नाही.” तिला कुठे जायचं आहे, हे तिने स्वतःलाच कधी विचारलेलं नाही.

दुसरं घर शिकलेल्या मुलाचं. मुलगा पुण्याला, चाकणला किंवा वाळूजला कंपनीत. सूनही काम करते. पाळणाघर परवडत नाही, परवडलं तरी भरवसा वाटत नाही. मग गावाहून आई बोलावली जाते. ती येते, चार-पाच वर्षं राहते, नातू शाळेत जायला लागतो आणि एके दिवशी घरातल्या सगळ्यांच्या लक्षात येतं की खोली लहान आहे. परतूरकडच्या एका मावशीचे शब्द आम्ही विसरू शकत नाही : “गेल्ते की बापा. चार वर्सं व्हते. पोरगं साळंत जायला लागलं, माझं काम सरलं.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. हिशेब होता. गावी परतली तेव्हा घराचे पत्रे उडालेले होते, शेळ्या विकलेल्या होत्या आणि शेजारच्या बायकांची वेगळी बसण-उठण जमलेली होती. शहरात ती पाहुणी होती, गावातही पाहुणी झाली.

तिसरं घर गावातच आहे. मुलगा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या कारखान्यात ठेक्यावर जातो-येतो. रमाई आवास योजनेतून घरकुल मिळालं, २६९ चौरस फुटांचं. त्यात मुलगा, सून, तीन लेकरं. मग म्हातारा-म्हातारी कुठे? बाजूला पत्र्याचं शेड टाकलेलं असतं. चूल वेगळी असते, पण दिवसभर लेकरं त्यांच्याचकडे असतात. रात्री मोठी नात आजीजवळ झोपायला येते, कारण घरकुलात जागा नाही. सर्वेक्षणाला आलेला माणूस कागदावर लिहील, ‘वृद्ध जोडपे, स्वतंत्र राहते.’ दुसरा आला तर लिहील, ‘मुलासोबत राहते.’ दोन्ही खरं आणि दोन्ही खोटं. २६९ चौरस फुटांत तीन पिढ्यांच्या ‘आवडीनिवडी’ मावत नसतात.

या तिन्ही घरांत एक समान सूत्र आहे. नातवंड तान्हं असेल तर म्हातारीला जवळ बोलावलं जातं, नातवंड मोठं झालं की तिला मोकळं केलं जातं. तिचा राहण्याचा पत्ता नातवंडाच्या वयानुसार बदलतो. याला इच्छा म्हणायचं की बदली?

दुधावरची साय, पण दूध कोण तापवतं?

आता कोणी म्हणेल, तुम्ही प्रेमाला शोषण म्हणताय. नातवंड म्हणजे दुधावरची साय. आजीला नातवाची ओढ असते, त्यात व्यवस्थेचा काय संबंध?

ओढ असते, ती आम्ही नाकारत नाही. नाकारणारे आम्ही कोण? आमच्यातल्या कितीजणांना आजीनेच वाढवलेलं आहे. मुद्दा ओढीचा नाही. साय खायला मिळते हे खरं, पण दूध काढायचं, तापवायचं, उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी उभं राहायचं, हे कोणाच्या वाट्याला आलं? गुडघे गेलेल्या, बी.पी.ची गोळी अर्धी करून खाणाऱ्या बाईच्या वाट्याला. प्रेम आहे म्हणून श्रम अदृश्य होत नाहीत. या देशात बाईच्या श्रमाला प्रेमाचं नाव देऊन फुकट करण्याची युक्ती फार जुनी आहे. जातीने आपल्या बापजाद्यांच्या श्रमाला ‘धर्म’ म्हटलं आणि बलुत्यावर राबवून घेतलं. घराने आपल्या आयांच्या श्रमाला ‘माया’ म्हटलं. शब्द वेगळे, हिशेब एकच : काम घ्यायचं आणि कामाचं नाव घ्यायचं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. हा सासू-सुनेच्या भांडणाचा विषय नाही. तसा तो केला की पुरुषांची सुटका होते. सून फडात ऊस तोडते, कंपनीत पॅकिंग करते, दवाखान्यात कंत्राटी काम करते. तिच्याजवळ लेकरू सांभाळायला वेळ नाही, कारण तिच्या मालकाने आणि शासनाने तिच्या लेकराची जबाबदारी घेतलेली नाही. सासूने सांभाळलं नाही तर सून घरी बसेल, सून घरी बसली तर चूल बंद होईल. दोन बायका एकमेकींच्या गळ्यात अडकवलेल्या आहेत. आणि आजोबा? बहुतेक घरांत ते पारावर असतात. नातवाला खाऊ आणतात, त्याला खांद्यावर घेऊन जयंतीची मिरवणूक दाखवतात. संडासला बसवणं, धुणं, रात्री जागणं हे आजीचंच. ‘आजी-आजोबा सांभाळतात’ या जोडशब्दामागे नव्वद टक्के आजी लपलेली आहे, हे आपल्यालाही माहीत आहे.

आणखी एक अभिमान आपण मिरवतो : “आपल्या समाजात वृद्धाश्रम नाहीत.” खरं आहे. पण ते आपण आईबापांना सन्मानाने ठेवतो म्हणून, की आपल्याला त्यांच्या हातांची गरज आहे म्हणून? गरज संपल्यावर आपण काय करतो, यावर त्याचं उत्तर ठरेल.

बुद्धाने दोन्ही बाजू सांगितल्या

आपण धम्म स्वीकारला आहे, तर कौटुंबिक नात्यांकडेही धम्माच्या दृष्टीने पाहिलं पाहिजे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी एका तरुण गृहस्थाला सहा दिशांचा अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आईबाप. मुलांनी आईबापांप्रती पाच कर्तव्यं पाळायची, आणि आईबापांनीही मुलांप्रती पाच कर्तव्यं पाळायची. नातं दुहेरी आहे. श्रावणबाळाच्या गोष्टीत एकाच बाजूने वाहून न्यायचं असतं. धम्मात दोन्ही बाजूंना कर्तव्य आहे, म्हणून दोन्ही बाजूंना प्रतिष्ठाही आहे.

त्याच सुत्तात खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामगार. त्यांच्याबद्दल मालकाने काय करावं, हेही बुद्धांनी सांगितलं. त्यांच्या ताकदीप्रमाणे काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलंचुंगलं वाटून खावं, वेळेवर सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी घरगड्यासाठी सांगितलेली ही पाच कलमं आहेत. आता ही यादी हातात घेऊन आपल्या घरात बघा. आईला ताकदीप्रमाणे काम आहे का? सुटी आहे का? ती आजारी पडते तेव्हा लेकरं कोण बघतं? बुद्धांनी नोकराला जे दिलं, तेवढंही आपण आईला देत नसू, तर बावीस प्रतिज्ञा म्हणताना आपला आवाज थोडा खाली यायला पाहिजे.

बाबासाहेबांचं बालपण आठवा. आई भीमाबाई गेल्या तेव्हा भिवा लहान होता. त्याला आणि भावंडांना सांभाळलं ते आत्या मीराबाईंनी. त्या शरीराने अधू होत्या. रामजी सुभेदारांच्या शिस्तीबद्दल आणि वाचनाच्या आग्रहाबद्दल आपण भाषणं देतो. मीराबाईंच्या हातच्या भाकरीवर कोणी भाषण देत नाही. ज्या चळवळीचा नायकच एका अधू बाईच्या सांभाळावर वाढला, त्या चळवळीने सांभाळण्याच्या श्रमाला राजकीय प्रश्न मानलं नाही, ही आपली उणीव आहे.

बाबासाहेबांनी मात्र तो मानला होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी हीच भूमिका घेतली की आईच्या विश्रांतीचा भार एकट्या आईने सोसू नये, तो मालकाने आणि सरकारनेही उचलावा. मूल वाढवणं हे एका घराचं खासगी काम नाही, ते समाजाचं काम आहे, हा त्या भूमिकेचा गाभा. तोच न्याय आजीला का लागू होऊ नये?

गाव सोडा म्हणणाऱ्यांची आई गावात का राहते?

आता एक अवघड प्रश्न. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे परखड मत मांडलं, ते आपल्याला पाठ आहे. खेडं म्हणजे अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं घर. त्यांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, त्यातून मराठवाड्यातली पहिली शिकलेली पिढी उभी राहिली आणि गावाबाहेर पडली. हे योग्यच झालं. मग आपल्या आया नातवंडं मोठी झाल्यावर गावालाच का परततात? त्यांना गावकीचं प्रेम आहे का?

नाही. आजच्या पासष्ट-सत्तरीच्या आज्या कोण आहेत, हे आधी लक्षात घ्या. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपली घरं जळत होती, तेव्हा या बाया अठरा-वीस वर्षांच्या होत्या. कडेवर लेकरू घेऊन त्यांनी रात्री शेतात लपून काढल्या, मोर्च्यांना भाकरी बांधून दिल्या, काही जेलमध्येही गेल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा त्या चाळिशीकडे झुकल्या होत्या. गाव काय असतं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

त्या गावाला परततात त्याची कारणं वेगळी आहेत. गावात त्यांचं स्वतःच्या नावाचं काहीतरी असतं. रेशनकार्ड असतं. श्रावणबाळच्या पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बुद्धविहारात पौर्णिमेला बसायची जागा असते. पुण्याच्या खोलीत त्या ‘अमक्याची आई’ असतात. वस्तीत त्यांना नावाने हाक मारणारं माणूस असतं.

आणि गायरान असतं. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांचा वारसा मराठवाड्यात गायरानाच्या रूपाने जगतो आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचा शासनाचा निर्णय झाला, पण अनेकांच्या नावावर सातबारा आजही चढलेला नाही. अशा जमिनीवर कागद नसतो, ताबा असतो. आणि ताबा म्हणजे माणूस. पोरं शहरात, जमिनीवर म्हातारा-म्हातारी. ती हलली की बांध सरकतो, कोणाची तरी जनावरं घुसतात, पुढच्या वर्षी दुसऱ्याचाच नांगर लागतो. म्हणून आज्जी नातवासाठी पुण्याला जाते तेव्हा ती दोन एकर गायरान पणाला लावून जाते. मुलाला हे दिसतं का? तो फोनवर म्हणतो, “ये की आई, तिथं एकटी काय करतीस?” ती काय करते? ती ताबा राखते.

म्हणजे बाबासाहेबांचं म्हणणं आणि आईचं गावी राहणं यात विरोध नाही. बाबासाहेबांनी माणसाला गुलामीच्या जागेतून बाहेर पडायला सांगितलं. ज्या जागी आपल्याला निर्णय घेता येत नाही ती जागा गुलामीची. मग ती गावकुसाबाहेरची असो की चाकणच्या वन रूम किचनची.

हे जालन्यापुरतंही नाही. चीनमध्ये नातवंडं सांभाळायला गाव सोडून शहरात आलेल्या म्हाताऱ्यांसाठी ‘लाओपिआओ’ असा शब्द रूढ झाला आहे. अर्थ साधारण असा : म्हातारपणी वाहवत आलेले. त्यांची नोंदणी गावात, त्यामुळे सोयीसवलतीही गावात अडकलेल्या, आणि माणूस शहरात. उलट बाजूने, तिथल्या खेड्यांतही शहरात गेलेल्या मजुरांची लेकरं आजी-आजोबांजवळ वाढतात. राज्यपद्धती वेगळी, भाषा वेगळी, पण स्वस्त मजूर शहराला पाहिजे आणि मजुराचं लेकरू नको, ही गोष्ट तीच. ते लेकरू मग कुठेही म्हातारीच्याच पदरात पडतं. कारखान्याला ऊस स्वस्तात तोडून मिळतो, त्यात त्या म्हातारीचेही श्रम असतात. तिचं नाव ना मुकादमाच्या वहीत, ना कारखान्याच्या हिशेबात.

कायदा काय म्हणतो आणि काय म्हणत नाही

२००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. मुलगा सांभाळत नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. त्यात जबाबदारी मुलाइतकीच मुलीचीही आहे, सज्ञान नातवाची आणि नातीचीही आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर-शेत, अट मोडली तर परत मिळवण्याचीही सोय आहे. चांगला कायदा आहे, आपल्या कार्यकर्त्यांनी तो वस्तीत वाचून दाखवला पाहिजे. लेकीच्या घरी राहणं कमीपणाचं, ही मनुवादी समजूत अजून आपल्यातही आहे. तिला उत्तर म्हणूनही तो वाचला पाहिजे.

पण हा कायदा म्हाताऱ्या माणसाकडे फक्त सांभाळून घेणारं माणूस म्हणून पाहतो. ते माणूस स्वतः सांभाळणारं आहे, हे त्याला दिसत नाही. म्हातारी दिवसाचे चौदा तास काम करते आणि सरकारी भाषेत तिचं नाव आहे ‘अवलंबित’. कोण कोणावर अवलंबून आहे?

गंमत अशी की शासनाला हे काम मोलाचं आहे हे कळत नाही असं नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत तरतूद केली गेली की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर ती सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरीच्या दराने पैसे द्यायचे. म्हणजे लेकरं सांभाळणं ही मजुरी आहे, हे कायद्यातच लिहिलं गेलं. मग तीच लेकरं बांधावरून उचलून आजीच्या ओसरीत आणली की ती मजुरी कुठे गायब होते?

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. पहिल्या टप्प्यात आपल्या जिल्ह्यातले अंबड आणि घनसावंगी तालुके होते. योजना पाहिजेच. पण वसतिगृह होतं शाळेतल्या पोरांचं. दीड वर्षाचं लेकरू कुठे जाणार? अंगणवाडी काही तासांची. उरलेले वीस तास आजी.

आणि पेन्शनचा हिशेब करा. एकवीस हजारांची मर्यादा म्हणजे महिन्याला साडेसतराशे रुपये. घरात कोणी त्याहून जास्त कमावणारं दिसलं की म्हातारी अपात्र ठरायची भीती. म्हणून कागदोपत्री वेगळं राहायचं, वेगळं रेशनकार्ड काढायचं. तिची राहण्याची व्यवस्था नातवंडाने ठरवली, उरलीसुरली तहसीलच्या अर्जाने ठरवली. तिने स्वतः काय ठरवलं?

आपण काय करायचं

फक्त शासनाला शिव्या देऊन हा लेख संपवणं सोपं आहे. आम्हाला तसं करायचं नाही. काही मागण्या शासनाकडे आहेत, काही आपल्या घरातल्या आहेत.

शासनाकडे : ऊसतोड हंगामात प्रत्येक स्थलांतरित वस्तीत पूर्ण दिवसाचं पाळणाघर पाहिजे, अंगणवाडीला जोडून. त्यात काम करणाऱ्या बायकांमध्ये गावातल्या आज्यांना, त्यांची इच्छा असेल तर, मानधनावर घ्यावं. पेन्शनची उत्पन्नमर्यादा आजच्या महागाईला धरून वाढवावी आणि म्हातारी मुलाजवळ राहते म्हणून तिला अपात्र ठरवू नये. गायरानाचा सातबारा चढवावा, म्हणजे ताबा राखायला म्हाताऱ्यांना जन्मठेप भोगावी लागणार नाही. घरकुलाचं क्षेत्रफळ ठरवताना तीन पिढ्यांचं घर डोळ्यापुढे ठेवावं. ग्रामसभेत हे ठराव मांडायला कोणाची परवानगी लागत नाही. येत्या ग्रामसभेत मांडा.

घरात : आईला आणताना तिला विचारा, नेताना विचारा आणि परत पाठवतानाही विचारा. “लेकरं जिथं तिथं मी,” असं ती म्हणाली तर तिथे थांबू नका. “आणि लेकरं नसती तर कुठं?” हा दुसरा प्रश्न विचारा. आम्ही विचारून पाहिलं आहे. आधी ती हसते, मग बराच वेळ गप्प बसते, आणि मग जे बोलते ते ऐकण्यासारखं असतं. तिची पेन्शन तिच्याच हातात राहू द्या. घरकुल तिच्या जागेवर बांधलं असेल तर त्यावर तिचंही नाव राहू द्या. आठवड्यातला एक दिवस लेकरं बापाने सांभाळावीत, आणि तो दिवस म्हणजे मेहेरबानी नाही, तिची हक्काची सुटी आहे, हे पोरांना आजच शिकवा. आणि शहरात असाल तर तिच्या गावच्या घरावरचे पत्रे शाबूत ठेवा. परत जायला घर आहे, एवढ्या भरवशावर माणूस दुसऱ्याच्या घरात ताठ मानेने राहतं.

चळवळीत : बुद्धविहाराचा हॉल महिन्यातले पंचवीस दिवस कुलपात असतो. तिथे हंगामात दुपारी लेकरांना सांभाळण्याची सोय का होऊ शकत नाही? गावात कॉलेजची पोरं-पोरी आहेत, त्यांनी पाळी लावली तर दोन तास तरी आज्यांचे मोकळे होतील. त्या दोन तासांत त्या झोपतील, दवाखान्यात जातील, नाहीतर विहारात नुसत्या बसतील. त्यांनी काय करायचं ते त्या ठरवतील. मुद्दाच तो आहे.

संविधानाने व्यक्तीच्या प्रतिष्ठेची हमी दिली, त्यात वयाची अट घातलेली नाही. ज्या बाईने जळत्या घरातून आपल्या बापाला बाहेर काढलं, तिच्याच हातात आपण आपली लेकरं दिली. बरं केलं, यापेक्षा चांगले हात आपल्याला मिळाले नसते. पण त्या हातांना थकण्याचा, नाही म्हणण्याचा आणि स्वतःचं दार स्वतः निवडण्याचा अधिकार आहे की नाही? हा प्रश्न आज संध्याकाळी आपापल्या घरी फोन करून विचारा. फोन लेकरांची चौकशी करायला नको. तिची करायला करा.

जय भीम!